शेंदराखालचं हाड

"मला वाटतं" हे दोन शब्द तोंडातून निघाले की आजही माझी जीभ अडखळते. हा उकंडरावांचा प्रताप. मंगरूळपीरच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात ते प्रयोगशाळा परिचर होते आणि मी जीवशास्त्राची शिक्षिका, म्हणजे कागदोपत्री मी त्यांची वरिष्ठ. प्रयोगशाळेच्या दाराच्या आत खरं वरिष्ठ कोण, हे मात्र मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड होती. मी मोठ्या थाटात मुलांना सांगितलं, बघा, केंद्रक किती ठळक दिसतंय. मुलं रांगेने आली, एकेक डोळा बारीक करून गेली आणि सगळ्यांनी वहीत गोल काढला. उकंडराव बेसिनपाशी उभे होते. वर्ग सुटल्यावर त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, बराच वेळ लावून ठेवला आणि मग वर न बघताच विचारलं, "मॅडम, हे तुमाले केंद्रक वाटून राह्यलं का दिसून राह्यलं?"

मी म्हणाले, दिसतंय की स्वच्छ. त्यांनी सुईचं टोक काचेवर हलकेच दाबलं. माझं केंद्रक सरकत निघालं, दोन पेशींच्या भिंती आरामात ओलांडून काठाला जाऊन थांबलं. हवेचा बुडबुडा होता. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी मी वर्गावर गेले तेव्हा टेबलावर खोडरबरांचा एक अख्खा डबा मांडून ठेवलेला होता, इतकंच.

उकंडराव हे नाव बाहेरच्यांना ऐकायला चमत्कारिक वाटतं. त्यांच्या आधीची दोन भावंडं गेली होती, म्हणून हे जन्मले तसं आईने त्यांना उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि नावही तेच ठेवलं, मरणाची नजर जाऊ नये म्हणून. ते स्वतःच हे हसत सांगत. घर बागायती माळ्याचं, गावापासून सहा किलोमीटरवर मळा. मेथी, वांगी, सांबार. कोथिंबिरीला सांबार म्हणायचं हे मी वाशीमची असल्याने मला शिकवावं लागलं नाही, पण पुण्याकडून आलेल्या आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी पहिल्या दिवशी "सांबार घ्या सर" ऐकून डबा पुढे केला होता. उकंडरावांनी त्या डब्यात कोथिंबिरीची जुडी उभी केली. सायकलच्या हँडलला रोज दोन-चार जुड्या लटकलेल्या असत, पॅन्टच्या पायाला कपडे वाळत घालायचा चिमटा, आणि चष्म्याच्या दोन्ही काड्यांना सुतळी. बारावीला इंग्रजीत राहिले, बाकी विषयांत उत्तम गुण. याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केलेली मी ऐकली नाही.

परीक्षानळ्या ते तीनदा धूत. मी एकदा चिडून म्हटलं, दोनदा पुरे. ते म्हणाले, दोनदा आपल्यासाठी, तिसऱ्यांदा नळीसाठी. वर्तमानपत्रातली विज्ञानाची कात्रणं ते मुलांनी टाकून दिलेल्या जर्नलच्या कोऱ्या पानांवर डकवत. त्यातलंच एक कात्रण घेऊन ते एका दुपारी माझ्याकडे आले, आणि पुढचं सगळं त्यातून घडलं.

कात्रण डायनासोरच्या हाडांबद्दल होतं. जनावर मेलं की मांस, शिरा, कातडी आधी कुजते, उरतं ते हाड, आणि लाखो वर्षांत त्याचाही दगड होतो, एवढं आपण शाळेत शिकतो. पण परदेशात काही जणांनी असल्या हाडातला दगडी भाग सौम्य द्रावणात हळूहळू विरघळवला, तर मागे मऊ, ताणलं तर ताणलं जाणारं, शिरांसारखं काहीतरी उरलं. काहींचं म्हणणं, हे त्या जनावराचंच. काहींचं म्हणणं, छे, हाडाच्या छिद्रांत मागाहून शिरलेल्या जिवाणूंची ही चिकट साय. भांडण अजून मिटलेलं नाही.

"मॅडम," उकंडराव म्हणाले, "आमच्या देवात काय असन?"

त्यांचा देव मी पाहिलेला होता. ते सात-आठ वर्षांचे असताना वडिलांनी मळ्यात विहीर खणली. वरचा काळा कातळ फोडला तर खाली हात-दीड हाताचा मऊ हिरवट थर लागला, त्याखाली परत काळा कातळ. त्या मधल्या थरातून मांडीएवढा लांब, दोन्ही टोकांना फुगलेला एक दगड निघाला. त्यांच्या आईने तो पाहिला आणि हा विहिरीचा राखणदार म्हणून लिंबाखाली चुन्याचा ओटा करून बसवला. तेव्हापासून दर शनिवारी शेंदूर आणि तेल. माझ्या ओळखीचे एक भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक एकदा इकडे आले होते, त्यांना मी मुद्दाम मळ्यात नेलं. त्यांनी दगडाच्या फुटक्या टोकावरची मधाच्या पोळ्यासारखी जाळी पाहिली आणि म्हणाले, हे हाड आहे, फार मोठ्या जनावराचं, बहुतेक डायनासोरचं. आईने ते शांतपणे ऐकलं आणि शनिवार होता म्हणून तेल लावलं.

उकंडरावांना निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. त्या दिवशी ते मला म्हणाले, की आयुष्यभर मुलांच्या हातात काचा देत आलो, एक गोष्ट मात्र आपली आपण शोधायची आहे. त्या दगडात त्या जनावराचं काही शिल्लक आहे की नाही, हे नोकरी संपायच्या आत कळलं पाहिजे. हो किंवा नाही, कुठलंही चालेल, पण पक्कं. हे त्यांनी जुडी द्यावी इतक्या साधेपणाने सांगितलं. मला वाटलं, हौस आहे, ओसरेल. ती ओसरली नाही.

आईची परवानगी काढायला आठ दिवस गेले. देवाला दुखणार नाही ना, हा तिचा एकच प्रश्न होता. शेवटी पाठीमागचा, कुणाच्या नजरेत न येणारा सुपारीएवढा तुकडा घ्यायचं ठरलं. पाण्याचा कठीणपणा मोजायला आमच्याकडे जे चुना विरघळवणारं ईडीटीए असतं, त्याच्या द्रावणात तो तुकडा ठेवला. द्रावण दर दोन दिवसांनी बदलायचं. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेज बंद होतं, तर हे सायकलवरून येऊन बदलून जात. असे सात आठवडे.

सातव्या आठवड्याच्या शेवटी त्यांनी मला बोलावलं. बशीत तळाला तांबूस तपकिरी धागे होते, पोकळ, एकातून दुसरा फुटलेला. सुईने ओढलं की ताणले जायचे, सोडलं की परत आखडायचे. मी इतकी वर्षं हा विषय शिकवते, पण असलं काही कधी पाहिलं नव्हतं. मी स्टुलावर बसले. उकंडराव उभेच होते. "शिरांसारकं दिसून राह्यलं," एवढंच म्हणाले. त्यातलं "सारकं" मी ऐकूनच घेतलं नाही.

पुढे जे झालं ते मी केलं. मोबाइल सूक्ष्मदर्शकाला लावून फोटो काढले, त्या प्राध्यापकांना पाठवले, प्राचार्यांना दाखवले. प्राचार्य हुरळून गेले. बातमीदाराला फोन गेला, शनिवारी सत्काराचा कार्यक्रम ठरला, प्राध्यापकांना पाहुणे म्हणून बोलावलं, मंडपवाल्याला खुर्च्या सांगितल्या. मी नवी साडी काढून ठेवली होती, तेही सांगून टाकते. उकंडराव मात्र त्या आठवड्यात कमी बोलत होते. मी त्याला लाजणं समजले.

कार्यक्रमासाठी कॉलेजचं लोखंडी फाटक रंगवायला घेतलं होतं. गुरुवारी सकाळी उकंडराव सायकल ढकलत आत येत होते, तर रंगारी कालच्या डब्यावर आलेली साय काडीने गुंडाळून बाजूला टाकत होता. तांबडी, पातळ, ओढली की ताणली जाणारी. उकंडराव तिथेच थांबले. ही साय कशाची, त्यांनी विचारलं. रंगारी म्हणाला, लोखंडाला पहिला हात शेंदराचा आणि जवसाच्या तेलाचा. हे तेल वाळतं तसं रबर होतं, शेंदूर असला तर लवकरच होतं. उकंडरावांनी ती साय कागदात घेतली, सायकल वळवली आणि आयुष्यात पहिल्यांदा रजेचा अर्ज न देता घरी गेले.

घरी जाऊन त्यांनी आईला विचारलं, देवाले तेल कोनतं लावते व माय. ती म्हणाली, जवसाचं, अजून कोनतं. घरच्या जवसाचं घाण्याचं तेल, पन्नास वर्षं, दर शनिवारी.

संध्याकाळी ते देवाच्या ओट्याचं एक ढेपूळ घेऊन प्रयोगशाळेत परत आले. त्या चुन्यावरही इतकी वर्षं शेंदूर-तेल ओघळलेलं. त्यांनी ते रात्रभर द्रावणात ठेवलं, चुना काय, एका रात्रीत विरघळतो. खाली उरलेलं त्यांनी शुक्रवारी सकाळी दुसऱ्या बशीत घेऊन माझ्यासमोर पहिल्या बशीशेजारी ठेवलं. तेच तांबूस धागे, तसेच पोकळ, तसेच ताणले जाणारे. चुन्याच्या ढेपळाला काही रक्तवाहिन्या नसतात; तेल छिद्राछिद्रांत मुरून आतल्या आत वाळलं होतं.

मी काय म्हणाले ते लिहायला मला आजही लाज वाटते. मी म्हणाले, उकंडराव, उद्याचा दिवस जाऊ द्या. पाहुणे येताहेत, फोटो पाठवलेत, बातमी छापायला गेली आहे. पुढे तज्ज्ञ तपासतीलच, तेव्हा कळेल ते कळेल. आपण खोटं कुठे बोलतोय, आपण फक्त थांबतोय.

त्यांनी दोन्ही बशांवर काच झाकली. "मॅडम, काल सकाळपर्यंत ते चूक होतं. आता म्या पाह्यलं. आता गप बसलो त मंग ते खोटं झालं." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. ते प्राचार्यांच्या खोलीत गेले, पाच मिनिटांनी बाहेर आले आणि परीक्षानळ्या धुवायला लागले. प्राचार्यांनी त्यांना सांगितलं होतं की कार्यक्रम आता रद्द होणार नाही, तुम्ही फक्त हार घ्यायचा आणि बसायचं.

शनिवारी मंडप भरला. पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे, बाजूला उकंडरावांची आई, नऊवारी, हातात पिशवी. मी प्रास्ताविक केलं, आणि त्यात मी दोन्ही बाजूंना पाय ठेवून बोलले. काही मृदू अवशेष सापडले असावेत, अशी शक्यता, वगैरे. मग उकंडरावांना हार घालायला उभं केलं. त्यांनी हार हातात घेतला, गळ्यात नाही, आणि माइकपाशी गेले.

"त्या शिरा जनावराच्या नाईत," ते म्हणाले. "जवसाचं तेल आन शेंदूर हाय. आमी देवाले लावतो ते. दोनी बशा तथी ठेवल्या हायेत, कोनीबी या आन पाहून घ्या. हाड खरं हाय. बाकी अजून मले मालूम नाई."

मागे हशा पिकला. प्राचार्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तेल मीच ओतलं होतं. लोक हळूहळू उठले. पाहुणे प्राध्यापक मात्र उठून बशांपाशी गेले, दोन्ही पाहिल्या, आणि उकंडरावांना विचारलं की आतापर्यंत कुणाचा हात न लागलेला तुकडा मिळू शकेल का. उकंडराव म्हणाले, विहिरीत तो थर आहे, मे महिन्यात पाणी उतरलं की उघडा पडतो. हा दोघांचा संवाद अर्ध्या रिकाम्या मंडपात झाला आणि त्या दिवशीचा खरा कार्यक्रम तोच होता.

आई खुर्चीवर तशीच बसली होती. तिच्यापर्यंत अर्थ पोचला होता, कारण उकंडराव जवळ जाताच तिने विचारलं, "मंग म्या आता तेल नाई लावू का रे?"

ते तिच्यासमोर खाली बसले. "लाव व माय. तो तुहा देव हाय. मी दुसरा गोटा पाहून घेतो."

गावात त्यांना बरेच दिवस "तेलाचा डायनासोर" म्हणत. आमच्या स्टाफरूममध्येही म्हणत. ते म्हणणाऱ्याला सांबाराची जुडी देत आणि पुढे जात. मला मात्र ते ऐकलं की राग यायचा, आणि त्यातला निम्मा स्वतःवरचा असायचा. मी त्यांची माफी मागितली ती जवळजवळ महिन्याने. ते म्हणाले, तुमी कांद्याच्या बखतीबी दुसऱ्या दिवशी खोडलंच होतं ना. विषय संपला.

पुढच्या मे महिन्यात त्यांनी तयारी केली ती पाहून एखाद्या डॉक्टरने आपली तयारी कमी वाटून शस्त्रक्रिया पुढे ढकलली असती. छिन्नी, हातोडी, चिमटे कुकरमध्ये तीन शिट्ट्या. नवे हातमोजे. चपात्या गुंडाळायचा चकाकता कागद, तोही नवा. आठ दिवस आधीपासून डोक्याला तेल बंद, जेवणात जवसाची चटणी बंद. मी म्हटलं, चटणीने काय होणार. ते म्हणाले, नाई होणार, पन मंग पाहनाराले शंकेची तेवढी एक जागा कायले ठेवायची. विहिरीतला गाळ-दगड बादलीने वर ओढायची यारी आणली, तिच्या बादलीत बसून ते पस्तीस फूट खाली उतरले. हिरवट थरात आठ दिवस खपून एक हाडाचा तुकडा मिळाला. त्याच्याशेजारचा नुसता मातीचा तुकडाही घेतला, मातीतूनच काही येत असेल तर कळावं म्हणून. कागदात गुंडाळून प्रत्येकावर चिठ्ठी: किती खोल, कुठल्या बाजूला, कुणी काढला.

त्या तुकड्याला नऊ आठवडे लागले. शेवटी बशीत राखाडी गाळ उरला, बाकी काही नाही. धागा नाही, पापुद्रा नाही. मी आठवडाभर रोज नव्याने पाहिलं, कुठेतरी काहीतरी असेल म्हणून. उकंडरावांनी एकदा पाहिलं, मग मातीची बशी पाहिली, मग परत पहिली, आणि माझ्यासमोर कागद ठेवला. प्राध्यापकांना पत्र लिहायचं होतं. मी लिहिलं, या नमुन्यात मृदू अवशेष आढळले नाहीत. माझा हात जड झाला होता. त्यांनी खाली सही केली ती मात्र पुढे निवृत्तीच्या कागदांवर केली त्याहून जास्त ठसठशीत. प्राध्यापकांचं उत्तर आलं, त्यात हार-सत्काराचं काही नव्हतं. एका तुकड्यावरून "नाही" म्हणता येत नाही, निदान चार-पाच हवेत, आणि ते याच काळजीने काढलेले हवेत, एवढंच होतं. उकंडरावांनी ते पत्र चार वेळा वाचलं.

मग त्यांना हृदयाचा त्रास निघाला. अकोल्याच्या डॉक्टरांनी जिने चढू नका, वजन उचलू नका सांगितलं. विहिरीत उतरू नका हे सांगायचं त्यांना सुचलं नसावं, आणि उकंडरावांनी विचारलं नसावं. निवृत्ती होऊन गेली होती. नोकरी संपायच्या आत कळायला हवं होतं, ते कळलं नव्हतं. मला वाटलं, आता थांबतील.

पुढच्या मे महिन्यात सकाळी साडेआठला मी मळ्यात पोचले तेव्हा यारी उभी होती. त्या मे महिन्यात त्यांनी चार तुकडे काढले आणि दिवाळीच्या आधी ते गेले. चारही मी विरघळवले, त्यांच्या पद्धतीने, तीनदा धुतलेल्या बशांत. चारही रिकामे निघाले आणि चारही वेळा मी "नाही" लिहून पाठवलं. हात जड झाला नाही. त्या थरातलं आमचं "नाही" आता बाहेरच्या माणसांच्या कामाला येतं, कुणी पत्राने विचारतं, तुम्ही तुकडे कसे काढले, ते कळवा. मी कळवते, उकंडरावांचं नाव आधी लिहून.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं. ते विहिरीच्या काठावर हातमोजे चढवत होते. चेहरा उतरला होता, गळ्याची हाडं वर आली होती, चष्म्याला सुतळी तीच. मी त्यांना अडवायलाच आले होते. म्हटलं, उकंडराव, एवढा जीव धोक्यात घालून खाली जाल, आणि काहीच नाही निघालं तर?

"नाई निघालं त नाई लिवा," ते म्हणाले. "पन ते नाई गोट्यानं सांगतलेलं असन. आपल्या मनचं नाई."

मग ते बादलीत बसले, पाय आखडून घेतले आणि यारीवाल्याला हात केला.